घरच्या घरी नैसर्गिक स्पा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, क्रमाक्रमाने

माझा पहिला ‘घरगुती स्पा’ एका दुपारी उरकला. लिंबू, खाण्याचा सोडा, साखर, हळद, मध, पुदिन्याचं सुगंधी तेल आणि वर दहा मिनिटं वाफ, सगळं एकाच चेहऱ्यावर, एकापाठोपाठ एक. संध्याकाळी गाल लालभडक झाले आणि साधं पाणी लागलं तरी चुरचुरू लागले. उरलेलं लिंबू मी मनगटाला चोळलं होतं आणि तशीच उन्हात कपडे वाळत घालायला गेले. तिथे उठलेला तपकिरी डाग जायला दोन महिने लागले. नेमकं काय बिघडलं हेही कळेना, कारण सात गोष्टींतली कुठली दोषी ते शोधायचं कसं?

त्यानंतर मी हे सगळं नीट, एकेक करून शिकले. पहिल्यांदा करणाऱ्याने ज्या क्रमाने जावं, तोच क्रम खाली दिला आहे. सगळं मिळून अडीच तास धरा. तेवढा वेळ नसेल तर फक्त पाचवी आणि आठवी पायरी करा, तीही पुष्कळ झाली.

१. आज काय करायचं नाही, ते आधी ठरवा

पुढच्यापैकी काही लागू असेल तर तो भाग सोडून द्या.

चेहऱ्यावर मुरुमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी रेटिनॉइड वर्गातलं औषध चालू असेल, तर स्क्रब आणि मातीचा लेप नको. या औषधांनी त्वचा आधीच नाजूक झालेली असते. वॅक्सिंग किंवा दाढी त्याच दिवशी झाली असेल, तर त्या जागी काहीही लावू नका. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर गरम पाण्यात पाय सोडून बसू नका, कारण भाजलं तरी कळत नाही. गरोदरपणात खूप गरम पाण्याचा टब आणि सुगंधी तेलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर तिथे मालिश अजिबात करू नका, थेट डॉक्टर गाठा. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते आणि चोळणं तेव्हा धोक्याचं ठरतं.

इसब, सोरायसिस किंवा उघडी जखम असेल, तर तेवढा भाग तुमच्या डॉक्टरांचा. माझा नाही आणि इंटरनेटचाही नाही.

२. सामान

यादी मुद्दाम लहान ठेवली आहे. पहिल्या वेळी यापेक्षा जास्त काही आणू नका.

- खोबरेल तेल, बिनवासाचं चालेल
- साधे ओट्स, साखर किंवा चव न घातलेले
- मुलतानी माती किंवा तशीच दुसरी बारीक चिकणमाती (फक्त तेलकट त्वचेसाठी)
- साधं दही किंवा मध, दोन्हींपैकी एक
- तुमचा नेहमीचा सौम्य शाम्पू आणि कंडिशनर
- नेहमीचं मॉइश्चरायझर
- पाय बुडतील एवढं घमेलं किंवा टब
- दोन जुने टॉवेल, एक जुना टी-शर्ट, केस बांधायला पट्टी
- काचेची किंवा स्टीलची वाटी, चमचा, रुंद दातांचा कंगवा
- पाण्याचा थर्मामीटर (असला तर उत्तम, नसला तर कोपर आहेच)
- गजर लावायला घड्याळ

यादीत गजर गमतीने घातलेला नाही. घरगुती लेपांनी होणारा निम्मा त्रास ते जास्त वेळ ठेवल्याने होतो, असं माझं ठाम मत आहे. डोळे मिटून पडलं की दहा मिनिटांची चाळीस कधी होतात ते कळत नाही.

यादीत लिंबू आणि सोडा नाहीत. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ४.५ ते ५.५. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, तर सोड्याचं पाणी ८ च्या वर. एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मधल्या मध्ये त्वचेचं संरक्षक आवरण मार खातं. लिंबाचं आणखी एक दुखणं आहे. त्याच्या रसात आणि विशेषतः सालीत अशी द्रव्यं असतात, जी त्वचेवर असताना ऊन लागलं की फोड उठतात आणि मागे काळपट डाग राहतात. माझ्या मनगटावर झालं ते हेच.

३. दोन दिवस आधी: चाचणी

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती.

लेपाचं थोडंसं मिश्रण करा. कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर लावा. चेहऱ्यावर जेवढा वेळ ठेवणार तेवढाच वेळ ठेवून धुवा. मग ४८ तास त्या जागेवर लक्ष ठेवा. लगेच आग झाली तर उत्तर मिळालंच. पण अ‍ॅलर्जीचा एक प्रकार उशिरा येतो, दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतरही. म्हणून ‘अर्ध्या तासात काही झालं नाही, म्हणजे चालतं’ हा हिशोब चुकीचा आहे.

प्रत्येक नव्या गोष्टीची चाचणी वेगळी घ्या. ओट्स, दही आणि मध यांचं एकत्र मिश्रण लावून पुरळ आलं, तर तुम्ही पुन्हा माझ्याच जागी येऊन उभे राहाल. परागकणांची किंवा मधमाशीशी संबंधित अ‍ॅलर्जी असेल तर मध वगळाच.

वनस्पतीतून आलेलं आहे म्हणून त्रास होणार नाही, असं काही नसतं. खाजकुयलीही नैसर्गिकच आहे.

४. केसांना तेल

सुरुवात केसांपासून, कारण तेलाला वेळ लागतो आणि तोवर बाकीची कामं होतात.

खोबरेल तेलाबद्दल मी जरा हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. या तेलात लॉरिक आम्लाचं प्रमाण मोठं असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्याने तो केसाच्या आत शिरतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतल्या प्रथिनांची गळती लक्षणीयरीत्या कमी करणारं तेल त्यात एकच निघालं, खोबरेल. म्हणून ते धुण्याच्या आधी लावायचं. केस भिजले की फुगतात, सुकले की आक्रसतात, आणि या ये-जा करण्यात ते झिजतात. तेल ही झीज थोडी थोपवतं.

तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तेल कोमट करा. गॅसवर नको, मायक्रोवेव्हमध्येही नको. तेल वरून शांत दिसतं आणि डोक्याला चटका देतं. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-तीन छोटे चमचे पुरतात. ठिबकेल इतकं लावलं, तर नंतर ते काढायला दोनदा शाम्पू लागतो आणि कमावलेलं सगळं वाहून जातं.

कानाच्या उंचीपासून खाली टोकांपर्यंत जास्त, मुळांशी कमी. कोंडा असेल तर टाळूला तेल लावूच नका. कोंड्याशी जोडलेली मॅलासेझिया नावाची बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच पोसली जाते. ‘टाळू कोरडी पडलीय म्हणून कोंडा झालाय’ असं समजून तेल चोपडत राहायचं आणि कोंडा वाढत जायचा, हे दुष्टचक्र मी जवळून पाहिलं आहे.

आता केस सैल गुंडाळा, जुना टी-शर्ट बांधा आणि पट्टी केसांच्या रेषेवर घट्ट बसवा. तेल कपाळावर ओघळलं, तर तिथे पुळ्या येऊ शकतात. तास-दीड तास पुरे. रात्रभर तेल लावून झोपलं तर उशीचा अभ्रा मात्र नक्की तेलकट होतो.

मेंदी लावायची असेल तर तो वेगळा दिवस ठेवा. एकच इशारा: मेंदी स्वभावतः लालसर तपकिरी रंगते. ‘काळी मेंदी’ म्हणून जे मिळतं, त्यात बऱ्याचदा पीपीडी हे रसायन मिसळलेलं असतं आणि त्याची अ‍ॅलर्जी फार तीव्र होऊ शकते.

५. पाय पाण्यात

मला विचाराल तर सगळ्या स्पातला खरा आरामाचा भाग हाच. बाकी नटणं झालं.

पाणी ३८ ते ४० अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून पाहा. छान ऊबदार वाटलं पाहिजे, हात मागे घ्यावासा वाटला तर ते जास्त गरम आहे. तळहातावर भरवसा ठेवू नका, त्याला उष्णतेची सवय झालेली असते. घोटे बुडेपर्यंत पाणी घ्या, १५ मिनिटं बसा. थंड होत आलं तर गरम पाणी ओतण्याआधी पाय बाहेर काढा. ही साधी गोष्ट वाटते, पण भाजण्याचे प्रसंग नेमके इथेच येतात.

आरामाचं कारण तसं सरळ आहे. ऊब मिळाली की तळपायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरातली उष्णता तिथून बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरू लागतं. झोप येण्यासाठी शरीराला नेमकं हेच लागतं. २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. झोपण्याच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने अंघोळ केली किंवा त्यात बसलं, अगदी दहा मिनिटं, तरी झोप लवकर लागते, असं त्यात दिसलं. तेव्हा स्पा दुपारी करण्यापेक्षा संध्याकाळी उशिरा करा. बिछान्यात शिरण्याच्या अगदी आधी मात्र नको, शरीराला निवायला वेळ द्या.

पाण्यात काय घालायचं? ओट्स. कोरडे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक दळा. जमलं का ते पाहायला चमचाभर पूड पेलाभर पाण्यात टाका. पाणी दुधासारखं झालं तर बरोबर, पूड तळाशी बसली तर आणखी दळा. अर्धी वाटी पूड घमेल्यात घाला. खाज सुटणाऱ्या कोरड्या त्वचेला याने खरोखर बरं वाटतं. अशा बारीक ओट्सच्या पुडीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली आहे. फक्त फरशी निसरडी होते, खाली टॉवेल अंथरा.

एप्सम मीठ घालायला हरकत नाही, पाणी छान मऊ लागतं. पण त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून आत जाऊन स्नायू सैल करतं, या दाव्यामागचा पुरावा कच्चा आहे. सैल करतं ते गरम पाणी.

सुगंधी तेलाचे थेंब थेट पाण्यात टाकू नका. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि निव्वळ, कडक तेल कातडीला चिकटतं. पुदिना, दालचिनी, लवंग यांनी तर चांगलीच आग होते. वास हवाच असेल तर ३० मिली साध्या तेलात ६ थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, एवढं सौम्य करून आठव्या पायरीत वापरा. वर्षानुवर्षं उघडून ठेवलेली बाटली फेकून द्या. हवेशी संयोग होऊन जुनं लव्हेंडर किंवा टी ट्री तेल अ‍ॅलर्जी करण्यात ताज्यापेक्षा वरचढ ठरतं. घरात मांजर असेल तर टी ट्री आणूच नका, मांजरांना ते विषारी आहे.

६. पाय पाण्यात असतानाच चेहऱ्याला लेप

घमेल्यात पाय सोडण्याआधी चेहरा सौम्य फेसवॉशने धुवून, लेप कालवून, वाटी हाताशी ठेवा. ओल्या पायांनी स्वयंपाकघरात धावणं हा मोडलेल्या मनगटाकडे जाणारा जवळचा रस्ता आहे.

*कोरडी किंवा नाजूक त्वचा:* दोन चमचे ओट्सची पूड, लेप होईल एवढं साधं दही किंवा पाणी. मध चालत असेल तर अर्धा चमचा. १० मिनिटं.

*तेलकट त्वचा:* एक चमचा मुलतानी माती आणि पाणी. कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यावरच लावा, गाल सोडा. ८ मिनिटं.

मातीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. लेप पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवायचा, चेहरा ताणला गेला की काम झालं, असा. तसं नाही. ओली असताना माती तेल शोषते. वाळायला लागली की त्वचेतलं पाणी ओढू लागते. कडा फिकट पडायला लागल्या की तीच काढायची वेळ. आधी ओल्या फडक्याने लेप भिजवा, मऊ होऊ द्या, मग पुसा. खरवडू नका.

डोळ्यांभोवती आणि ओठांवर काहीही नाही. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवायच्या तर ठेवा, फायदा गारव्याचा होतो आणि तो थंडगार ओल्या रुमालानेही होतो.

कोरफड वापरायची असेल तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं धरून ठेवा. सालीलगतचा पिवळा चीक निथळून जाऊ द्या, धुवा, मग आतला पारदर्शक गर घ्या. ‘कोरफडीने खाज सुटली’ म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा तो चीक भोवलेला असतो.

आणि वाफ? मी सोडून दिली. वाफेने रंध्रं उघडतात म्हणतात, पण त्यांना ना स्नायू असतात ना झडपा, उघडणार काय? वाफेने वरचा तेलाचा थर मऊ होतो, इतकंच, आणि ते काम कोमट ओलं फडकंही करतं. वांग किंवा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचाविकार) असेल तर वाफेची उष्णता ते वाढवू शकते. वर उकळत्या पाण्याच्या भांड्याशी डोकं नेण्याची जोखीम आहेच.

साखरेचा किंवा अक्रोडाच्या सालीचा स्क्रब चेहऱ्यावर नको, कणांना धार असते. टाचांना आणि कोपरांना साखर आणि तेल खुशाल चोळा.

७. केस आणि अंग धुणं

आता अंघोळ. पाणी कोमट, वेळ दहा मिनिटं. शाम्पू फक्त टाळूला. खाली वाहणारा फेस केसांच्या लांबीला पुरतो. तेल पूर्ण निघालं नाही असं वाटलं, तर तेलकट भागावर आधी कंडिशनर लावून दोन मिनिटांनी धुवा, दुसऱ्यांदा शाम्पू घेण्यापेक्षा हे बरं.

व्हिनेगरने केस धुण्याची हौस असेल तर एक मोठा चमचा व्हिनेगर किमान दोन पेले पाण्यात, आणि लगेच साध्या पाण्याने धुवायचं. निव्वळ कधीच नाही. अंड्याच्या फंदात मी पडत नाही. त्यातल्या प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याइतके लहान नसतात, आणि पाणी फार गरम झालं तर अंडं केसातच शिजतं. हे अनुभवाचे बोल आहेत, अधिक विचारू नका.

ओला केस कोरड्यापेक्षा कमकुवत असतो. टॉवेलने घासू नका, जुन्या टी-शर्टने दाबून पाणी टिपा. रुंद दातांचा कंगवा, टोकांकडून वर.

८. तीन मिनिटांत ओलावा, मग मालिश

अंग टिपून घ्या, पूर्ण कोरडं करू नका. पाण्यातून बाहेर आल्यावर त्वचेतलं पाणी भराभर उडून जातं, म्हणून दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर लावा. चेहऱ्याला खोबरेल नको, बऱ्याच जणांना त्याने मुरुमं येतात.

मग पायांना मालिश, दहा मिनिटं. थोडं तेल घ्या, तळव्यावर अंगठ्याने लहान वर्तुळं काढा, टाचेकडून बोटांकडे. पोटऱ्यांवर हात घोट्याकडून गुडघ्याकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेने. दाब ‘गोड दुखतंय’ इतपतच. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून सोडायला थोडा जास्त घ्या. मिनिटाला सहाएक श्वास होतील. मग मोजे घाला आणि पंधरा मिनिटं आडवं व्हा. फोन दुसऱ्या खोलीत. तेलाच्या पायांनी मोजे न घालता चालू नका.

९. आवराआवर

पाणी, दही किंवा गर असलेला कुठलाही लेप उरला तर टाकून द्या. त्यात टिकवणारं काहीच नसतं, जंतू डोळ्यांना दिसण्याआधीच वाढतात. ‘फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ओट्सची कोरडी पूड आणि शुद्ध तेल मात्र बंद बरणीत राहतं, फक्त ओला चमचा घालू नका. माती मोरीत ओतू नका, पाईप तुंबतो. फडक्याने पुसून कचऱ्यात टाका. कधी हळद वापरलीत आणि चेहरा पिवळा राहिला, तर साबणाने घासू नका. तिचा रंग तेलात विरघळतो, आधी तेल लावून पुसा, मग धुवा.

१०. पुढच्या वेळी

मातीचा लेप आठवड्यातून एकदा, तेल एकदा, टाचांचा स्क्रब एकदा. पायांचं पाणी रोज घेतलं तरी हरकत नाही. नवी गोष्ट एका वेळी एकच, आणि दोन नव्या गोष्टींमध्ये किमान आठवडाभर अंतर. त्वचेचा वरचा थर नव्याने यायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभं राहून निकाल लावू नका.

मी एका जुन्या वहीत तीन रकाने आखले आहेत: काय लावलं, किती मिनिटं, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. लाली दोन दिवसांपेक्षा जास्त टिकली, फोड आले, डोळे किंवा ओठ सुजले, तर वही घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ‘काय लावलं होतं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि पहिल्या वेळी माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, ‘जे घरात होतं ते सगळं.’